खप कमी म्हणजे मागणी कमी?

पहिल्या ड्राफ्टमध्ये मी बिनधास्त लिहिलं होतं: कोची-मंगळुरू पट्ट्यात नैसर्गिक वायूला मागणीच नाही. आकडे तसंच सांगत होते ना! कोचीचं एलएनजी टर्मिनल 2013 मध्ये सुरू झालं, क्षमता वर्षाला 50 लाख टन, पण कित्येक वर्षं त्यातली थोडीशीच वापरात. सरांनी एवढंच विचारलं, "पाइपलाइन कुठपर्यंत होती?"

मंगळुरूपर्यंतची 450 किलोमीटरची लाइन जमीन आणि स्थानिक विरोधात रखडली. उद्घाटन थेट जानेवारी 2021 मध्ये. तोवर मंगळुरूचा खत कारखाना नाफ्थ्यावर चालत होता. गिऱ्हाईक होतं, पोहोचायला नळ नव्हता. खपाच्या कॉलमला ‘मागणी’ नाव देण्याआधी पाइपलाइनचा नकाशा शेजारी ठेवा. मी ते प्रकरण सध्या पुन्हा लिहितेय.