ठेका भिंतीपार जातो तेव्हा

सातपुड्यातल्या धडगावात नाइटक्लब नाही. इथे रात्रीचा मोठा आवाज म्हणजे लग्नातला डीजे. पण मुंबईत लोअर परळच्या चाळीत क्लबमुळे झोप उडालेल्या माणसासाठी जो नियम आहे, तोच धडगावच्या बाजारपेठेतल्या घरालाही लागू होतो. गैरसमजही दोन्हीकडे सारखेच आहेत.

गैरसमज : दारे लावून घेतली की आत कितीही आवाज चालतो.
2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत बंदिस्त जागेला सवलत दिली आहे, पण ती आतल्या आत ऐकू जाण्यापुरती. निवासी भागाची रात्रीची मर्यादा 45 डेसिबल आहे. खासगी जागेच्या हद्दीवर आवाज त्याहून पाचच डेसिबल जास्त चालतो. म्हणजे मोजायचे ते कुंपणाशी, नाचाच्या जागी नव्हे.

गैरसमज : मीटरवर आकडा मर्यादेत आला म्हणजे तक्रार खोटी.
मला सर्वांत जास्त चीड येते ती या समजाची. नियमातले डेसिबल माणसाच्या कानाच्या संवेदनशीलतेनुसार मोजले जातात आणि कानाला खर्जातले सूर कमी ऐकू येतात. त्यामुळे 63 हर्ट्झच्या आसपासच्या ठेक्यातून मीटर सुमारे 26 डेसिबल वजा करतो. नेमका हाच ठेका विटांच्या भिंतीतून आरपार जातो. गाण्याचे शब्द अडतात, धडधड तेवढी उशाशी पोचते. खिडकीची तावदाने थरथरतात आणि कागदावर सगळे नियमात असते. आजारी माणसाच्या घरातले लोक ‘छातीत बसतंय’ म्हणतात, तेव्हा ते अतिशयोक्ती करत नसतात.

गैरसमज : जुन्या रहिवाशांना बदलच नको असतो.
लोअर परळ ज्यात येते, त्या गिरणगावाने बदल कमी सोसलेला नाही. 18 जानेवारी 1982 ला कापड गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. पुढे गिरण्यांच्या जमिनींवर मॉल, कचेऱ्या आणि पब आले. चाळी शेजारीच राहिल्या. जमिनीचा वापर बदलताना चाळकऱ्यांना विचारले कोणी? इंग्लंडने 2018 मध्ये नियोजनाच्या धोरणात एक न्याय्य तत्त्व घातले : जो नंतर येतो, त्याने आवाज अडवण्याची सोय करायची. त्यानुसार चाळीशेजारी आलेल्या पबने भिंती जाड कराव्यात आणि जुन्या क्लबशेजारी टॉवर बांधणाऱ्याने खिडक्या.

शिवाय रहिवासी पबची तपासणी मागतात ती गिऱ्हाइकांच्याही भल्याची असते. 29 डिसेंबर 2017 ला मध्यरात्रीनंतर लोअर परळच्या कमला मिल्समधल्या पबच्या आगीत 14 जीव गेले.

गैरसमज : 2020 पासून मुंबईत पब रात्रभर उघडे असतात.
ती मुभा अनिवासी भागातल्या मॉल, दुकाने आणि खाद्यगृहांसाठी होती. मद्यविक्रीची वेळ रात्री दीडपर्यंतचीच राहिली.

गैरसमज : पारंपरिक वाद्यांना नियम नाही.
2010 च्या दुरुस्तीने वाद्येही नियमात आली. राज्य सरकार सणांसाठी वर्षातून 15 दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते. सातपुड्यातली होळी मात्र ढोल-बासरीवर पहाटेपर्यंत नाचते. तिला आणि डीजेच्या भिंतीला एकाच मापाने मोजणे मला पटत नाही. होळीत सगळा गाव जागा असतो. डीजे झोपलेल्यांना उठवतो.

गैरसमज : तक्रार केली की नाव फुटणारच.
धडगावात ही भीती जास्त खरी आहे, कारण वरात बहुधा सोयऱ्याचीच असते. प्रार्थनास्थळांच्या भोंग्यांवरील प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये पोलिसांना बजावले, की तक्रारदाराची ओळख न विचारता कारवाई करा. 112 वर फोन करताना हे सांगता येते.