सपाट पडद्याची पारख

मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्या काळी दूरदर्शन संच म्हणजे घरातील एक भारदस्त पेटीच असे. तिच्या पोटात काचेची मोठी नळी बसविलेली असे. नळीच्या मागील निमुळत्या टोकातून इलेक्ट्रॉनांचा झोत सुटे व पुढील काचेच्या आतल्या लेपावर आदळून प्रकाश उत्पन्न करी. पडदा मोठा हवा, तर झोताला पसरावयास जागा हवी. म्हणून पेटीही खोल करावी लागे.

आज तोच संच तसबिरीप्रमाणे भिंतीवर टांगता येतो. हे साधले ते मुख्यतः द्रव-स्फटिकांमुळे. हे स्फटिक स्वतः प्रकाशत नाहीत. विजेच्या दाबाने त्यांचे रेणू वळतात आणि खिडकीच्या झडपांप्रमाणे मागून येणारा प्रकाश कमी-अधिक अडवितात. मागे प्रारंभी बारीक नळीदिवे असत. पुढे त्यांच्या जागी एलईडी, म्हणजे प्रकाश देणारे चिमुकले डायोड आले. बाजारात ज्याला ‘एलईडी संच’ म्हणतात, तो बहुधा हाच द्रव-स्फटिकांचा संच होय. बदलला तो केवळ पाठीमागचा दिवा. गिऱ्हाईक मात्र नावाला भुलते. प्लाझ्मा नावाचा दुसरा एक प्रकार एके काळी फार नावाजला होता. त्याचे उत्पादन २०१४ च्या सुमारास मोठ्या कारखान्यांनी थांबविले. ओएलईडी पडद्यात प्रत्येक बिंदू स्वयंप्रकाशी असतो. बिंदू विझला की तेथे खरा काळोख दिसतो. चित्र अतिशय सुरेख, परंतु किंमतही तशीच!

बेताची मिळकत असलेल्या कुटुंबाला अशी खरेदी वारंवार करता येत नाही. चुकीची निवड झाली, तर ती कित्येक वर्षे भोगावी लागते. म्हणून काही गोष्टी आधीच जाणून घ्याव्यात. पडद्याचे माप कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरपे घेतात. ३२ इंची पडद्याची रुंदी प्रत्यक्षात सुमारे ७१ सेंटिमीटर भरते. पडद्यावर बिंदू किती, हाही प्रश्न असतो. ‘फुल एचडी’ पडद्यावर १९२० × १०८०, म्हणजे वीस लाखांहून अधिक बिंदू असतात; ‘फोर-के’ पडद्यावर त्याच्या चौपट. तथापि आठ फुटांवरून ३२ इंची पडदा पाहताना हा भेद डोळ्याला उमगत नाही. तेथे चौपट बिंदूंसाठी जादा पैसे मोजणे व्यर्थ होय.

दुकानातील झगझगाटात संच मुद्दाम भडक करून ठेवलेले असतात. तोच भडकपणा घरी रात्री डोळ्यांना खुपतो. यासाठी दुकानदाराला प्रकाश घरच्याइतका मंद करावयास सांगावे आणि मग बाजूला सरून चित्र पाहावे. काही पडद्यांचे रंग तिरक्या नजरेला फिके पडतात. दहा बाय दहाच्या खोलीत आजी खाटेवर, मुले सतरंजीवर आणि आई स्वयंपाकघराच्या दाराशी बसते; पडद्याच्या अगदी समोर सगळ्यांनाच जागा मिळत नाही.