खर्रा घोटताना

पन्नीवर कातरलेली सुपारी पडते, तिच्यावर तंबाखू, मग बोटभर चुना. पन्नी दुमडली जाते आणि फळीवर तळहाताचा रगडा सुरू होतो. आधी सुपारी कोरडी खडखडते. हळूहळू चुना आणि तंबाखू तिला धरतात, खडखड दबते आणि पन्नीआडून काळपट ओल दिसू लागते. ठेलेवाला पन्नीकडे बघतही नाही. आवाज बदलला की त्याला कळतं, खर्रा झाला. पुडीला गाठ मारून तो पुढच्याचा घोटायला घेतो.

हा ठेला विदर्भातल्या पवनी तालुक्यातल्या आसगावचा. आसगाव म्हणजे चौरास पट्टा, धानाचा मुलूख. रोवणीच्या दिवसांत सकाळी बांधीवर निघालेली माणसं आधी ठेल्यावर थांबतात. "भाऊ, चुना बेतानं टाक," एक जण सांगत होता. जास्त झाला तर तोंड भाजतं, कमी झाला तर खर्रा 'लागत नाई'. ही जाण पक्की आहे. चुन्याने मिश्रण अल्कधर्मी होतं, निकोटीनच्या रेणूवरचा विद्युतभार जातो आणि निकोटीन गालाच्या अस्तरातून सहज रक्तात उतरतं. प्रयोगशाळेत ज्याला मात्रा ठरवणं म्हणतात, ते इथे बोटाच्या टोकावर चालतं.

औषध शरीरात नेमकं कुठे काम करतं, या प्रश्नाचं उत्तरही तंबाखूनेच दिलं. 1905 साली केंब्रिजच्या जॉन लँगली यांनी कोंबडीच्या स्नायूला निकोटीन दिलं. नस तोडून ती निकामी झाल्यावरही स्नायू आखडला आणि क्युरारे हे विष दिल्यावर त्याचं आखडणं थांबलं. म्हणजे रसायन धरून ठेवणारं काहीतरी स्नायूतच असणार. आजच्या भाषेत तोच ग्राही, म्हणजे रिसेप्टर. मेंदूतले असेच ग्राही निकोटीनने चेतवले की डोपामिन हे सुखावणारं रसायन सुटतं. रोज निकोटीन मिळत राहिलं की ग्राहींची संख्या वाढते, आणि मग पुडी नसेल त्या दिवशी माणूस चिडचिडा होतो. "नाई खाल्ला तं कामात जीवच लागत नाई," हे वाक्य आसगावच्या ठेल्यावर मी ऐकलं. त्यात आळस नाही, खोटेपणा तर नाहीच.

सुपारीला मात्र सगळे साधी समजतात. तिच्यातलं अरेकोलिन मस्करिनिक नावाच्या दुसऱ्या ग्राहींवर बसतं. शिवाय निकोटीनच्या व्यसनाशी जोडलेले काही ग्राहीही ते अंशतः चेतवतं, असं फ्लोरिडातल्या संशोधकांनी 2015 साली दाखवलं. म्हणजे तंबाखू वगळून नुसती सुपारी चघळणाराही सुटत नाही. सुपारी कर्करोगकारक आहेच. तोंड आखडून दोन बोटंही आत न जाणारी तरुण मुलं विदर्भात दंतवैद्यांना नवी नाहीत.

याच अरेकोलिनची दुसरी कथा आहे. ज्याच्या ग्राहींवर ते बसतं, ते असेटिलकोलिन बनवणाऱ्या पेशी अल्झायमरमध्ये मरतात, म्हणून 1980च्या सुमारास काही रुग्णांना अरेकोलिन शिरेतून देऊन पाहिलं गेलं. परिणाम तोकडा आणि क्षणिक होता. पुढे त्याच्या रचनेवरून झॅनोमेलिन हे औषध घडवलं गेलं. 1990च्या दशकात अल्झायमरच्या रुग्णांवर चाचणी झाली, पण मळमळ आणि उलट्यांनी ते मागे पडलं. मग त्याला ट्रॉस्पियम या औषधाची जोड मिळाली. ते मेंदूत फारसं शिरत नाही, पोटातला त्रास मात्र रोखतं. सप्टेंबर 2024 मध्ये अमेरिकेत या जोडगोळीला मान्यता मिळाली, तीही स्किझोफ्रेनियासाठी. सुपारीपासून औषध व्हायला इतका खटाटोप लागला. त्यामुळे 'सुपारीनं डोकं चालते' हा युक्तिवाद कुणी करू नये.

राज्यात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, खर्रा मात्र ठेल्यावर समोर घोटून मिळतो. सोडू पाहणाऱ्याला आपण शपथ घालतो, टोमणे मारतो, पण डॉक्टरकडे नेत नाही. निकोटीनची गोळी किंवा च्युइंगम, तेच ग्राही अर्धवट चेतवणारं व्हॅरेनिक्लिन, हे उपाय उपलब्ध आहेत. मात्रा मात्र डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावी. घरात कुणी सोडायचं म्हणत असेल तर 1800-11-2356 या तंबाखू सोडण्यासाठीच्या मोफत राष्ट्रीय क्रमांकावर त्याला आजच फोन लावून द्या.