माणसांवर भरवसा टाकण्याची विद्या

‘नेतृत्व’ हा शब्द कानी पडला की मनश्चक्षूंपुढे रणांगण तरी उभे राहते, नाहीतर सभेचे व्यासपीठ. परंतु सामान्य गृहस्थाचा रोजचा संबंध येतो तो निराळ्याच नेतृत्वाशी. हे नेतृत्व कचेरीत, कारखान्यात, शाळेत किंवा रुग्णालयात आढळते. तेथे जयघोष नसतो, हारतुरे नसतात. पाचपन्नास माणसे सकाळी कामावर येतात, सायंकाळी घरी परततात. मधल्या वेळात त्यांच्या हातून किती काम झाले आणि ते कोणत्या मनाने झाले, ह्यावरच वरिष्ठाची योग्यता ठरते. हे गुण उपजत असतात की अभ्यासाने अंगी बाणवता येतात, असा प्रश्न पुष्कळदा विचारला जातो. त्याचे उत्तर तात्त्विक चर्चेपेक्षा एखाद्या प्रत्यक्ष चरित्रात अधिक स्पष्ट सापडते. लक्ष्मणराव किर्लोस्कर ह्यांचे चरित्र त्या दृष्टीने फार बोलके आहे.

लक्ष्मणरावांचा जन्म १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर ह्या गावी झाला. चित्रकार व्हावे ह्या हेतूने १८८५ साली ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. पण आपल्या दृष्टीस काही रंगांतील भेद नीट ओळखता येत नाही, हे तेथे त्यांच्या लक्षात आले. चित्रकाराच्या दृष्टीने ह्याहून मोठी आपत्ती कोणती? त्यांनी रंग बाजूस ठेवले आणि रेघ तेवढी हाती धरली. यंत्रांची रेखाचित्रे काढण्याचे शास्त्र शिकून ते मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत शिक्षक झाले. पुढे बढतीची वेळ आली तेव्हा हक्काची जागा त्यांना न मिळता दुसऱ्यास मिळाली, आणि त्यांनी राजीनामा दिला.

म्हणजे तारुण्यातच दोनदा त्यांना नकार ऐकावा लागला. एकदा निसर्गाचा आणि एकदा वरिष्ठांचा. अशा अनुभवाने कित्येक माणसे कडवट होतात व पुढे अधिकार हाती आला म्हणजे त्याचे उट्टे हाताखालच्यांवर काढतात. लक्ष्मणरावांच्या बाबतीत नेमके उलट घडले. ‘हा निरुपयोगी’ असा शिक्का माणसावर किती सहज बसतो आणि तो कितीदा खोटा असतो, हे त्यांनी स्वतःवरून ओळखले होते, असे त्यांच्या पुढील वर्तनावरून म्हणावयास हरकत नाही.

शिक्षकी करीत असताना फुरसतीच्या वेळी ते एका कारखान्यात जाऊन काम करीत व यंत्रांचे ज्ञान हस्तगत करीत. ही गोष्ट वरवर लहान दिसते, पण तिचे महत्त्व फार आहे. ज्याने स्वतः कानस धरली आहे त्या वरिष्ठाला कामगार फसवू शकत नाही, एवढाच तिचा अर्थ नव्हे. बिघडलेला भाग समोर आला की हा दोष आळसाचा, की यंत्राचा, की आपणच दिलेल्या सूचनेचा, हे त्याला ओळखता येते; म्हणून त्याचा राग अस्थानी जात नाही. ज्याला काम ठाऊक नाही त्याला केवळ माणसांवर रागावता येते.

१८८८ साली त्यांनी आपले बंधू रामचंद्रराव, ऊर्फ रामूअण्णा, ह्यांच्यासह बेळगावात सायकलींचे दुकान काढले. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली धाडाव्यात आणि रामूअण्णांनी त्या विकाव्यात व पंधरा रुपये घेऊन लोकांना त्यांवर बसावयास शिकवावे, अशी वाटणी होती. पुढे कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर ह्यांचे उत्पादन सुरू झाले. लोखंडाच्या नांगराने जमिनीत विष भिनते, अशी त्या काळच्या शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर खपण्यास दोन वर्षे लागली! त्या शेतकऱ्यांना अडाणी म्हणून हसणे सोपे आहे. पण लाकडी नांगर मोडला तर तो गावचा सुतार नीट करी. लोखंडी नांगर मोडला तर कोणाच्या दारी जावे, ही शंका काही वेडगळ नव्हती. गिऱ्हाइकाच्या आक्षेपात काही तथ्य असू शकेल, असे मानणारा कारखानदारच दोन वर्षे तग धरू शकतो.

एवढ्यात बेळगावच्या नगरपालिकेच्या निर्बंधांमुळे कारखान्याची जागा सोडण्याचा प्रसंग आला. ह्या वेळी औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी ह्यांनी आपल्या संस्थानात बत्तीस एकर जमीन आणि दहा हजार रुपये बिनव्याजी कर्ज देऊ केले. जमीन कुंडल रोड ह्या रेल्वे स्थानकालगत होती. पण तीवर निवडुंग माजला होता आणि त्यात नागांची वस्ती होती. १९१० साली सुमारे पंचवीस कामगार आपापली कुटुंबे घेऊन तेथे आले, आणि किर्लोस्करवाडी वसू लागली.

ओसाड माळावर कुशल माणसे कोठून यावयाची? ज्यांना मुंबई-पुण्यात नोकरी मिळत होती ते निवडुंग तोडण्यास येणे शक्यच नव्हते. तेव्हा जी माणसे होती त्यांतूनच हवी ती घडवणे प्राप्त होते. शंभूराव जांभेकर हे यंत्रविद्येत असामान्य होते, ते सोडून द्यावे. पण के. के. कुलकर्णी परीक्षेत अपयश पदरी घेऊन आलेले. कोणतेही पडेल ते काम अंगावर घेण्याची त्यांची हातोटी लक्ष्मणरावांनी हेरली आणि ते कारखान्याचा एक आधारस्तंभ झाले. अनंतराव फळणीकर ह्यांनी शाळा अर्धवट सोडली होती. वाडीत ते कल्पक अभियंते म्हणून नावारूपास आले. हिशेबाची वही मंगेशराव रेगे ह्यांच्याकडे, वस्तीची आखणी व व्यवस्था रामूअण्णांकडे. ह्या यादीत पदव्यांचा शोध घेणारा निराश होईल. माणसाला काय येत नाही हे सांगणारे कागद पुष्कळ असतात. त्याला काय येते, हे मात्र त्याला काम देऊन पाहावे लागते, आणि ते पाहावयाचे तर थोड्या नुकसानीची तयारी ठेवावी लागते.

ह्या सर्वांहून धाडसाची गोष्ट रात्रीच्या पहाऱ्याची. वस्तीच्या राखणीसाठी लक्ष्मणरावांनी ज्यांना नेमले त्यांत दरोड्याच्या गुन्ह्यासाठी शिक्षा भोगलेली माणसे होती. तो काळ ध्यानी घ्यावा. काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवणारा १८७१ चा कायदा त्या वेळी अंमलात होता. तो सर्व भारतात रद्द होण्यास १९५२ साल उजाडावे लागले. अशा दिवसांत उघड्या माळावर, झोपलेल्या बायकामुलांची आणि कारखान्याची राखण त्यांच्या हाती सोपवणे म्हणजे सुज्ञ लोकांच्या दृष्टीने वेडेपणाच होता. ती माणसे पुढे वाडीचे विश्वासू पहारेकरी ठरली.

ह्यात केवळ दयाबुद्धी होती असे समजणे चुकीचे ठरेल. दयेने मनुष्य एखाद्याला जेवू घालील, फार तर अंगण झाडण्याचे काम देईल. लक्ष्मणरावांनी दिले ते गमावल्यास स्वतःचेच नुकसान होईल असे काम. भरवशाचे मर्म नेमके येथे आहे. ज्यात देणाऱ्याचे काहीच पणास लागत नाही, तो भरवसा घेणाऱ्याला जाणवतच नाही. पहारा करणाऱ्याला दर रात्री ठाऊक असे की ह्या माणसाने आपल्या जिवावर डोळे मिटले आहेत. हे जाणणाऱ्याच्या मनात जी जबाबदारी उत्पन्न होते ती पगाराने विकत घेता येत नाही आणि धाकाने तर मुळीच नाही.

योगायोग असा की, वाडीत निवडुंग तोडला जात होता त्याच सुमारास, १९११ साली, अमेरिकेत फ्रेडरिक विन्स्लो टेलर ह्यांचा शास्त्रीय व्यवस्थापनावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. विचार करणे हे कचेरीचे काम व त्याप्रमाणे हात हलवणे हे कामगाराचे, अशी त्यांच्या पद्धतीची ढोबळ मांडणी करता येईल. तिने उत्पादन वाढले हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु १९२४ पासून शिकागोजवळच्या हॉथॉर्न येथील कारखान्यात दिव्यांच्या उजेडाचा कामावर काय परिणाम होतो हे पाहण्याचे प्रयोग झाले, तेव्हा उजेड आणि काम ह्यांचा सरळ मेळ बसेना. आपल्याकडे कोणी लक्ष देत आहे, आपले मत विचारीत आहे, ह्या जाणिवेचाच हा परिणाम असावा, असा अर्थ पुढे एल्टन मेयो प्रभृती संशोधकांनी काढला. नंतरच्या संख्याशास्त्रज्ञांनी त्या निष्कर्षांवर बऱ्याच शंका घेतल्या आहेत, हेही सांगितले पाहिजे. ज्याने एखादे घर जरी चालवले आहे त्याला मात्र त्यातील मतितार्थ पटण्यास आकडेमोडीची गरज पडू नये.

आता आजच्या एखाद्या कचेरीकडे वळून पाहावे. तेथील प्रमुख सज्जन आहे, कष्टाळू आहे. पण बाहेर जाणारे प्रत्येक पत्र तो स्वतः वाचतो, त्यातला एखादा शब्द बदलतो आणि मगच सही करतो. हाताखालच्या तरुणाला चार महिन्यांत उमजते की, आपण कसेही लिहिले तरी शब्द बदलला जाणारच. तो मसुदा निष्काळजीपणे लिहू लागतो. प्रमुखाला वाटते, ‘पाहा, मी नजर ठेवली नसती तर काय झाले असते!’ दोघेही आपापल्या परीने खरे बोलतात, आणि कचेरीचे काम मात्र दिवसेंदिवस एका माणसाच्या टेबलावर साचत जाते. अशा प्रमुखाने नेतृत्वावरील दहा व्याख्याने ऐकण्यापेक्षा एका प्रकारची पत्रे पाहणे आजपासून बंद करावे आणि महिनाभर झोप लागते का ते पाहावे. पहिले काही दिवस कठीण जातील. एखादे पत्र चुकेलही. ते चुकले म्हणजे वरच्या साहेबापुढे ‘चूक माझ्या खात्याची’ असे म्हणून स्वतः उभे राहणे, हा अभ्यासाचा दुसरा आणि अधिक अवघड भाग. भरवसा टाकून चुकीच्या वेळी अंग काढून घेणाऱ्या वरिष्ठावर मग कोणीच विश्वास ठेवीत नाही.

भरवसा म्हणजे भोळेपणा नव्हे, हे सांगावयास नकोच. वाडीतही हिशेबाची वही होतीच. शिवाय अशा नेतृत्वाला एक धोका असतो. जेथे घर, शाळा, दुकान आणि रोजगार ही सारी एकाच हातून मिळतात तेथे मालक मायबाप होतो, आणि मायबापाला ‘नाही’ म्हणणे जड जाते. आपण माणसे मोठी केली, ह्या जाणिवेतच त्यांना कायमचे लहान ठेवण्याचे बीज असते. वाडीसारख्या प्रत्येक औद्योगिक वसाहतीला हा प्रश्न केव्हा ना केव्हा भेडसावतो.

त्याची कसोटी कारभार पुढील पिढीच्या हाती देताना लागते. पहिल्या महायुद्धात परदेशी लोखंड मिळेनासे झाले तेव्हा कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींकडून जुन्या तोफा मिळवून त्यांच्या लोखंडाचे नांगर ओतणारे लक्ष्मणराव, नांगरावरच समाधान मानून बसले असते तर कोणी दोष दिला नसता. पण १९२६ साली चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रसंस्थेची पदवी घेऊन परतले, आणि नांगराच्या जोडीला पंप व एंजिने ह्यांची नवी भाषा कारखान्यात सुरू झाली. १९४१ साली हरिहर येथे यंत्रहत्यारांचा व १९४६ साली पुण्यास तेलाच्या एंजिनांचा उद्योग उभा राहिला. दोन्ही ठिकाणे वाडीपासून दूर, वडिलांच्या रोजच्या नजरेबाहेर. लक्ष्मणराव १९५६ साली निवर्तले. ज्या स्थानकावर ती पंचवीस कुटुंबे उतरली त्याचे कुंडल रोड हे नाव आता राहिलेले नाही. फलाटावरील पाटीवर ‘किर्लोस्करवाडी’ असे लिहिलेले असते.