सावलीचे मोल

ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ आपण येथे जमलो आहोत, ते शेतकऱ्यांच्या मुलांना गणित शिकवताना फळ्यावर शेताचाच हिशेब मांडीत. मी साहित्याचा अध्यापक, शेतीचा तज्ज्ञ नव्हे. तरी आज त्यांच्याच रीतीने एक हिशेब मांडतो.

धार आणि देवास या पवारांच्या जुन्या संस्थानांची काळी जमीन सोयाबीन, गहू व हरभऱ्याची. पाण्याची ओढ मात्र मोठी. 1990 साली देवासला रेल्वेने पाणी आणावे लागले, तर 2006 पासून त्याच जिल्ह्यात शेततळ्यांची मोहीम उभी राहिली. हाती थोडे पाणी आले की शेतकऱ्याची नजर भाजीकडे वळते; आणि जवळच इंदूरची मोठी मंडी असल्याने शेडनेटचा विचार ओघानेच येतो.

सावलीत भाजी पिकवणे आपल्याला नवे नाही. पानमळ्यातला वेल शेवरी-पांगाऱ्याच्या सावलीतच वाढत आला आहे. शेडनेटची जाळी ऊन कमी करते, बाष्पीभवन रोखते. पाऊस मात्र अडवीत नाही. मे महिन्यात उघड्या रानातली कोथिंबीर करपते, आवक घटते आणि भाव चढतो. त्या वेळी ज्याच्याकडे माल असतो, त्याला चार पैसे अधिक मिळतात. शेतकरी जाळीखाली खरे तर अवेळीचा हंगाम पिकवीत असतो.

आता खर्च पाहू. केंद्राच्या फलोत्पादन अभियानाच्या 2014 च्या सूचनांत नळ्यांच्या सांगाड्याच्या शेडनेटचा खर्च चौरस मीटरला 710 रुपये धरला होता आणि त्यावर निम्मे अनुदान होते. या दराने पाव एकराला, म्हणजे सुमारे 1000 चौरस मीटरला, 7,10,000 रुपये होतात. अनुदान वजा जाता 3,55,000 रुपये शेतकऱ्याचे. हे कर्ज 12 टक्के व्याजाने दहा वर्षांत फेडायचे मानले, तर पहिल्या वर्षी व्याज 42,600 आणि मुद्दल 35,500, एकूण 78,100 रुपये. वर्षाला 8000 किलो काकडी निघाली असे समजू. म्हणजे किलोमागे पावणेदहा रुपये केवळ सावलीचे. बियाणे, खत, मजुरी, वाहतूक व आडत मिळून आणखी 12 रुपये धरले, तर पावणेबावीस रुपयांखालचा प्रत्येक भाव तोट्याचा. जाळी फाटली वा वादळाने सांगाडा वाकला, तर तो खर्च वेगळा. शिवाय कीटकरोधक जाळीत मधमाशी शिरत नाही. म्हणून परागीभवनाशिवाय फळ धरणाऱ्या काकडीचे महाग बी घ्यावे लागते.

उघड्या रानात भाव पडला तर शेतकरी पुढच्या खेपेस पीक बदलतो. जाळीचा हप्ता मात्र बदलत नाही. सोयाबीनला केंद्राचा हमीभाव जाहीर होतो, भाजीला तोही आधार नाही. गावात एकाची जाळी असते तोवर अवेळीचा माल दुर्मिळ. पन्नास जणांची झाली की तोच माल मंडीत ढिगाने येतो आणि ज्या फरकावर हप्ता फेडायचा होता, तो फरकच नाहीसा होतो.

म्हणून शेडनेट वाईट, असे मी म्हणत नाही. अनुदान हा खर्चाचा भाग आहे, नफ्याचा नव्हे, एवढेच म्हणतो. आधी गेल्या काही वर्षांचे मंडीचे भाव महिनावार वहीत उतरवावेत, सर्वांत पडलेल्या भावाने हप्ता निघतो का ते पाहावे, आणि मगच सांगाड्याचा खड्डा खणावा. गुरुजींच्या वर्गातून गेलेल्या मुलाला हे गणित अवघड नाही.