करकर आणि जवारी

बेस गिटारची सगळ्यात जाड तार सेकंदाला जेमतेम 41 वेळा कंप पावते. छेडली की तिचं झुलणं डोळ्यांनाही दिसतं आणि त्या झुलण्याला जागा लागते. तार पडद्यांच्या फार जवळ असली तर त्यांच्यावर आपटून करकरते. फार उंच असली तर बोटं दुखतात आणि सूरही चढतो, कारण पडद्यापर्यंत दाबताना तार ताणली जाते. उंची दुप्पट केली की हे ताणणं जवळपास चौपट होतं! म्हणून बरेच वादक बाराव्या पडद्यापाशी दोन-अडीच मिलिमीटर अंतर ठेवतात. जाड तारेला थोडं जास्त, बारीक तारेला थोडं कमी.

ही उंची ब्रिजवरच्या सॅडलचे स्क्रू अ‍ॅलन कीनं फिरवून बदलता येते. पण पहिला हात तिथे घालू नये. चार तारांचा मिळून ताण 80 किलोच्या घरात जातो आणि गिटारची मान पुढे खेचतो. मानेतला पोलादी ट्रस रॉड तिला मागे धरतो. कोल्हापूरच्या जुलै-ऑगस्टमध्ये लाकूड ओल धरतं आणि हा तोल ढळतो. आधी तारा सुरात लावाव्यात. मग पहिला आणि शेवटचा पडदा एकदम दाबून मध्यावर तार आणि पडद्यांमधली फट पाहावी, लागलाच तर रॉड पाव फेरा फिरवावा. सॅडलची पाळी त्यानंतर.

बेसवर जी करकर घालवायची, तीच कोल्हापूरपासून पन्नासेक किलोमीटरवरच्या मिरजेत तंबोरा बनवणारे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या हातानं घडवत आले आहेत. तंबोऱ्याची घोडी वरून सपाट वाटते, पण तिच्या माथ्याला अगदी पुसट उतार असतो. कंप पावणारी तार त्या उतारावर टेकते, सुटते, पुन्हा टेकते. तारेखाली सरकवलेला दोरा केसभर हलला तरी नाद बंद होतो किंवा खुलतो. हीच जवारी. तारेच्या नादात मूळ सुराबरोबर वरचे सूर, म्हणजे स्वरांश, मिसळलेले असतात. एखाद्या स्वरांशाचा कंप जिथे शून्य असतो, तिथेच तार छेडली तर तो स्वरांश उमटू नये, असा नियम आहे. तंबोऱ्यात तो तरीही उमटतो, हे भौतिकशास्त्रज्ञ सी. व्ही. रामन यांनी 1921 मध्ये दाखवून दिलं. घोडीला घासताना तारेची ऊर्जा वरच्या स्वरांशांत वाटली जाते. देवल क्लब या संगीतसंस्थेच्या आणि गायक अल्लादियाखाँसाहेबांच्या कोल्हापूरला हा नाद नवा नाही.

जवारी काढणारा कारागीर पट्टी लावून मोजत बसत नाही. घोडी घासतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा घासतो. बेसवाल्यांनीही हीच रीत धरावी असं मला मनापासून वाटतं. अडीच मिलिमीटर हा फक्त सुरुवातीचा अंदाज. ज्याचा हात जड आहे त्यानं तार आणखी थोडी वर घ्यावी. आणि जी करकर अ‍ॅम्प्लिफायरमधून ऐकूच येत नाही, तिच्यापायी सॅडल उचलू नये.