सलाईन गार्गल आरटी-पीसीआर चाचणी

सलाईन गार्गल आरटी-पीसीआर ही मिठाच्या पाण्याच्या गुळणीतून कोविड-१९ चे निदान करणारी चाचणी आहे. नागपूर येथील राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने (नीरी) ती विकसित केली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२१ मध्ये तिला मान्यता दिली.

पद्धत

व्यक्ती नळीतील सलाईन तोंडात घेऊन सुमारे १५ सेकंद गुळणी करते व ते त्याच नळीत सोडते. प्रयोगशाळेत हा नमुना विशिष्ट द्रावणात मिसळून तापवल्यावर विषाणूचा आरएनए मोकळा होतो. तो वेगळा काढण्याचे महागडे संच लागत नाहीत. अहवाल सुमारे तीन तासांत मिळू शकतो.

उपयुक्तता

नाका-घशात काडी घालावी लागत नाही व नमुना स्वतः देता येतो. त्यामुळे अपुऱ्या सुविधांच्या ग्रामीण व आदिवासी भागांत ही पद्धत सोयीची ठरते. येथे गुळणीचा उद्देश केवळ नमुना मिळवणे हा आहे. ती उपचार नव्हे.